नकाराचा कागद आणि दुसरा अर्ज

  रोवणा आटोपला आहे, कंबर अजून दुखतच असेल, म्हणून आज बसून ऐका. एखादीच्या हाती सुपली असेल तर ती चालू राहू द्या.

मागच्या महिन्यात ग्रामसंघाची बैठक होती. कर्जाचे हप्ते, नोंदवह्या, सगळं झालं. उठता उठता एका काकूंनी विचारलं, "मॅडम, हिवाळ्यात गोंदियाला त्या स्वेटरवाल्या बाया बसतात, चपट्या नाकाच्या, त्या आपल्या देशाच्या होत का बाहेरच्या? टीव्हीवर तं म्हणतात बाहेरच्यांना काढून टाका. मंग यांना काहून नाही काढत?" दुसरी म्हणाली, "त्या नेपाळी होत." तिसरी म्हणाली, "नाही वो, चिनी." मी हसले, पण मला उत्तर नीट देता आलं नाही. बी.ए.ला राज्यशास्त्र घेतलं होतं, तरी देता आलं नाही. मग मी वाचलं, दोनचार जणांना विचारलं, आणि त्या वाचण्यातून विषय कुठच्या कुठे गेला. शेवटी तो आपल्याच जमिनीच्या पट्ट्यापाशी येऊन थांबला. तो कसा, ते सांगते.

त्या बाया तिबेटी. त्या काही दुरून येत नाहीत, आपल्याच जिल्ह्यातल्या आहेत. अर्जुनी मोरगाव तालुक्यात इटियाडोह धरण आहे ना, त्याच्याजवळ गोठणगाव. महाशिवरात्रीला प्रतापगडच्या जत्रेला गेलेल्यांनी ती वस्ती पाहिली असेल. रंगीत कापडाच्या पताका लावलेल्या असतात, बुद्धाचं मंदिर आहे. १९७२ साली ती वसाहत झाली, तिचं नाव नोर्ग्येलिंग. तेव्हा आपला गोंदिया जिल्हाही नव्हता, सगळं भंडाऱ्यातच होतं. चीनने तिबेट ताब्यात घेतला, १९५९ च्या मार्चमध्ये दलाई लामा डोंगर ओलांडून भारतात आले आणि त्यांच्यामागे हजारो माणसं आली. सरकारने त्यांना वेगवेगळ्या राज्यांत जागा दिली. त्यातली एक जागा आपल्या जंगलाच्या कडेला. बर्फातली माणसं आपल्या मे महिन्यात कशी राहिली असतील, तुम्हीच विचार करा.

त्याच तालुक्यात पूर्व पाकिस्तानातून आलेली बंगाली कुटुंबंही आहेत, गडचिरोलीकडे तर पुष्कळ. आणि त्याहून जुनी गोष्ट कोल्हापूरची. दुसऱ्या महायुद्धात पोलंड देशाच्या बायका-पोरांना वळिवडे गावी ठेवलं होतं, १९४३ पासून १९४८ पर्यंत, जवळपास पाच हजार माणसं. म्हणजे जीव वाचवायला आलेल्यांना जागा देणं आपल्या महाराष्ट्राला नवं नाही.

आता शब्द समजून घेऊ. जीव वाचवायला, किंवा धर्म, जात, मत यांच्यामुळे छळ होतो म्हणून जो दुसऱ्या देशात येतो तो शरणार्थी. 'मला इथं राहू द्या, मला परत पाठवू नका' असा जो अर्ज तो करतो, तो आश्रयाचा अर्ज. १९५१ साली जगातल्या देशांनी याबद्दल एक करार केला. त्यातली मुख्य गोष्ट एवढीच की, ज्याच्या जिवाला धोका आहे त्याला त्या धोक्यात परत ढकलायचं नाही. भारताने त्या करारावर सही केलेली नाही. आपल्याकडे शरणार्थ्यांसाठी वेगळा कायदाही नाही. परदेशी माणसांचा जो कायदा आहे, आधी १९४६ चा आणि १ सप्टेंबर २०२५ पासून नवा, त्यातच सगळे येतात. तिबेट्यांना सरकार नोंदणीचं प्रमाणपत्र देतं, ते ठरलेल्या मुदतीत नूतनीकरण करावं लागतं. दुसरे काही लोक, जसे अफगाणिस्तानचे किंवा म्यानमारचे, दिल्लीला संयुक्त राष्ट्रांची शरणार्थी संस्था आहे तिच्याकडे अर्ज करतात. तिथं मुलाखत होते. नकार आला तर तीस दिवसांत अपील. अपीलही फेटाळलं तर मग काही नवीन घडलं असेल, नवीन पुरावा असेल, तरच प्रकरण पुन्हा उघडा म्हणून विनंती करता येते. त्या संस्थेला आपल्या कायद्याने कोर्टापासून संरक्षण आहे, त्यामुळे तिने नाही म्हटलं म्हणून हायकोर्टात तिला उभं करता येत नाही. कोर्टात जायचं तर सरकारच्या विरोधात जावं लागतं, 'मला पाठवू नका' म्हणून.

पण मग परक्या माणसाला आपल्या कोर्टात उभं राहता येतं का? येतं. आपलं संविधान काढून पाहा. काही हक्क नागरिकांचे आहेत, जसं बोलायचं, देशात कुठंही फिरायचं स्वातंत्र्य, ते कलम १९. पण कलम १४, म्हणजे कायद्यापुढे सगळे सारखे, आणि कलम २१, म्हणजे कायद्याने ठरवलेल्या रीतीशिवाय कुणाचा जीव आणि स्वातंत्र्य काढून घेता येणार नाही, या दोन्ही ठिकाणी शब्द आहे 'व्यक्ती'. बाबासाहेबांच्या समितीने तिथं नागरिक हा शब्द ठेवला नाही. परीक्षेसाठी हे मी पाठ केलं होतं, त्याचा अर्थ मला आता कळला.

आता त्या स्वेटरवाल्या बाईची गोष्ट. दोन वर्षांपूर्वी गोंदियाला गटांच्या मालाचं प्रदर्शन होतं. आमच्या स्टॉलवर मोहाचे लाडू, जवसाची चटणी, हातसडीचे तांदूळ. रस्त्याच्या पलीकडे स्वेटरची दुकानं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की त्यातली एक मावशी आमच्याकडे चहाला यायची. मराठी अशी बोलायची की डोळे मिटले तर आमच्याच गावची वाटावी. तिचा जन्म १९७९ चा, वसाहतीतला. धाकट्या भावाचा जन्म १९८८ चा, त्याच घरातला. आणि ती म्हणाली, "माझ्या भावाचा आणि माझा देश वेगळा आहे."

मला वाटलं गंमत करते. नाही. आपला नागरिकत्वाचा कायदा १९५५ चा. त्यात लिहिलं आहे की २६ जानेवारी १९५० पासून ते १ जुलै १९८७ च्या आधी जो भारतात जन्मला तो जन्मानेच भारताचा नागरिक, आईबाप कुठलेही असोत. त्यानंतर जन्मला तर आईबापांपैकी एक तरी भारताचा नागरिक असला पाहिजे, आणि २००४ च्या डिसेंबरनंतर नियम आणखी कडक झाला. म्हणजे मावशी कायद्याने भारतीय आणि तिच्या पाठचा भाऊ नाही. एका आईच्या पोटचे, एका चुलीवरचं जेवलेले.

कायद्यात हे १९८७ पासून लिहिलेलं होतं, पण कार्यालयात कुणी मानत नव्हतं. तिबेटी आईबाप दिसले की 'तुम्ही परदेशी' म्हणून पासपोर्टला नकार. मग एका मुलीने कोर्टाची पायरी चढली. नामग्याल डोल्कर तिचं नाव, जन्म १९८६, कांगड्याचा, म्हणजे त्या तारखेच्या जेमतेम आधीचा. २००८ मध्ये तिने दिल्लीला पासपोर्टचा अर्ज केला, तो नाकारला. ती दिल्ली हायकोर्टात गेली. सरकारचं म्हणणं असं की, हिने आधी एका कागदावर स्वतःला तिबेटी लिहिलं आहे, तर ही भारतीय कशी? २२ डिसेंबर २०१० ला न्यायमूर्ती मुरलीधर यांनी निकाल दिला: जन्माने जे नागरिकत्व मिळालं ते एखाद्या फॉर्मवर 'तिबेटी' लिहिल्याने जात नाही. ती भारताची नागरिक आहे, तिला पासपोर्टपासून अडवता येणार नाही.

तुम्ही म्हणाल, झालं, सगळ्यांचं काम झालं. मलाही तसंच वाटलं होतं. पण तसं झालं नाही. एकीच्या नावाचा निकाल होता, बाकीच्यांना कार्यालयं नाहीच म्हणत राहिली. लोकांनी दुसऱ्यांदा अर्ज केले, पुन्हा नकार. पुन्हा काही जण कोर्टात गेले. २२ सप्टेंबर २०१६ ला दिल्ली हायकोर्टाने पुन्हा तेच सांगितलं, की या तारखांच्या मधे जन्मलेल्या तिबेट्यांना पासपोर्ट नाकारता येणार नाही. त्यानंतर २०१७ च्या मार्चमध्ये सरकारने पासपोर्ट कार्यालयांना तशा सूचना दिल्या. म्हणजे पहिला निकाल ते अंमलबजावणी, सहा वर्षांच्या वर.

आणि त्यातही जूनमध्ये अटी आल्या. पासपोर्ट हवा तर नोंदणीचं प्रमाणपत्र परत करा, तिबेटी वसाहतीत राहू नका, तिथल्या सवलती सोडा. मावशीचा पहिला अर्ज एका कार्यालयाने तोंडीच परत केला होता, कागदावर काही दिलंच नव्हतं. दुसऱ्या वेळी तिने हट्ट धरून लेखी नकार घेतला. तिसऱ्यांदा करायची वेळ आली तेव्हा ही अट समोर. "घर सोडून पासपोर्ट काय चाटू?" ती म्हणाली. तिला बहिणीला भेटायला परदेशी जायचं होतं. त्या वर्षी तिने अर्ज तसाच ठेवून दिला. पण लेखी नकाराचा कागद तिने प्लास्टिकच्या पिशवीत घालून स्वेटरच्या गाठोड्यात ठेवलेला मी पाहिला. मी विचारलं, जो कागद नाही म्हणतो तो कशाला जपता? ती म्हणाली, "हाच तर कामाचा. तोंडी नाही म्हटलं ते कोर्टाला दाखवता येते काय?"

बायांनो, हे वाक्य मी तेव्हापासून प्रत्येक गटात सांगते.

दुसरं एक प्रकरण सांगते, कारण त्यात जो त्रास आहे तो आपल्या ओळखीचा आहे. अरुणाचल प्रदेशात चकमा नावाचे लोक आहेत. मूळचे चितगावच्या डोंगरातले, आता तो भाग बांगलादेशात आहे. तिथं कप्ताई धरणात त्यांच्या जमिनी गेल्या, धर्मावरूनही छळ झाला, म्हणून १९६४ च्या सुमारास ते भारतात आले. तीस वर्षांनंतर, १९९५ मध्ये, तिथल्या विद्यार्थी संघटनेने त्यांना तारीख दिली की निघून जा. राष्ट्रीय मानवी हक्क आयोग त्यांच्या बाजूने सुप्रीम कोर्टात गेला. तेव्हा कळलं की या लोकांनी नागरिकत्वाचे अर्ज केले होते, पण ते अर्ज जिल्ह्याच्या कार्यालयातून पुढे दिल्लीला गेलेच नव्हते. मंजूरही नाहीत, नामंजूरही नाहीत. कपाटात.

९ जानेवारी १९९६ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की नागरिक असो की नसो, प्रत्येक माणसाच्या जिवाचं रक्षण करणं राज्याचं काम आहे. आणि जिल्ह्याच्या अधिकाऱ्याचं काम अर्ज पुढे पाठवायचं आहे, ठरवायचं काम केंद्राचं. तो अर्ज अडवून ठेवू शकत नाही. अर्जाचा निकाल लागेपर्यंत कुणालाही हुसकावून लावायचं नाही. सुमारे ६५ हजार लोकांचा प्रश्न होता. पुढे काय? २०१५ च्या सप्टेंबरमध्ये त्यांच्याच एका समितीला पुन्हा सुप्रीम कोर्टात जावं लागलं, आणि कोर्टाला पुन्हा सांगावं लागलं, तीन महिन्यांत अर्जांचं काम पूर्ण करा. ज्या बाईने १९९६ चा निकाल ऐकून पेढे वाटले असतील तिची सून आली असेल तोवर.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण इथं आपण सगळ्या फसतो. कोर्टात गेलं म्हणजे कोर्ट आपल्याला हवं ते देईल, असं नसतं. बहुतेक वेळा हायकोर्ट हे बघत नाही की बाई खरी शरणार्थी आहे की नाही, किंवा जमीन खरंच हिची आहे की नाही. ते बघतं की ज्या अधिकाऱ्याने 'नाही' म्हटलं त्याने नियमाप्रमाणे म्हटलं का. त्याने अर्जदाराचं ऐकून घेतलं का? दिलेला कागद वाचला का? कारण लिहिलं का? त्याला तो अधिकार होता का? यातलं काही चुकलं असेल तर कोर्ट तो नकार रद्द करतं आणि सांगतं, पुन्हा नीट विचार करून ठरवा. पुन्हा विचार करूनही उत्तर नाही असंच येऊ शकतं. मास्तरीण बाई पेपर पुन्हा तपासायला सांगतात, मार्क आपल्या हाताने वाढवत नाहीत, तसंच हे.

आणि कधी कधी कोर्ट सरळ नाहीच म्हणतं. म्यानमारच्या रोहिंग्या लोकांच्या अर्जावर ८ एप्रिल २०२१ ला सुप्रीम कोर्टाने जम्मूत अडकवून ठेवलेल्यांना सोडण्याचा हंगामी आदेश दिला नाही. ठरलेली कायदेशीर पद्धत पूर्ण केल्याशिवाय त्यांना परत पाठवू नये, एवढंच म्हटलं. कलम २१ सगळ्यांना आहे, पण देशात राहण्याचा आणि वसण्याचा हक्क नागरिकांचा, असा त्याचा आधार होता. मला हे वाचून वाईट वाटलं. कोर्टाचं म्हणणं कायद्यात कुठून आलं ते समजतं, पण ज्या बाईला परत पाठवायचं तिचं गावच जाळलेलं असेल तर पद्धत पूर्ण करून पाठवलं काय आणि तशीच पाठवली काय. हे माझं मत. तुमचं वेगळं असू शकतं, पुढच्या बैठकीत भांडा माझ्याशी.

बाहेरच्या देशांत या दुसऱ्या अर्जाचे नियम लिहून ठेवलेले आहेत. इंग्लंडचं उदाहरण घ्या. पहिला अर्ज नाकारला, अपील हरलं, तरी बाई नवीन माहिती घेऊन पुन्हा अर्ज करू शकते. अधिकाऱ्याने दोन गोष्टी बघायच्या. एक, हे आधी तपासलेलं आहे की खरंच नवीन आहे. दोन, जुनं आणि नवीन एकत्र ठेवून पाहिलं तर एखादा न्यायाधीश हिचं म्हणणं मान्य करेल अशी खरीखुरी शक्यता आहे का. तो 'नाही' म्हणाला तर नवीन अपीलही मिळत नाही. उरते ती कोर्टाची फेरतपासणी. आणि तिथं कोर्ट म्हणतं, जिवाचा प्रश्न आहे, म्हणून अधिकाऱ्याने कागद फार बारकाईने वाचलेला असला पाहिजे. नुसतं 'हे जुनंच आहे, आधी का नाही सांगितलं' असं लिहून फाईल बंद केली असेल तर ती फाईल परत उघडायला लावतात.

'आधी का नाही सांगितलं.' या वाक्यापाशी मी खूप वेळ थांबले. समजा, लढाईच्या देशातून एक नवरा-बायको आले. मुलाखत झाली. नवरा बोलला, त्याच्यावर काय गुदरलं ते त्याने सांगितलं. बायको शेजारी बसली होती, मान खाली घालून. विचारणारा पुरुष, भाषा समजावून सांगणाराही पुरुष. सैनिकांनी तिच्यावर जबरदस्ती केली होती, ते ती तिथं कशी सांगणार? अर्ज नाकारला. दोन वर्षांनी नवऱ्यापासून वेगळी झाल्यावर, एखाद्या डॉक्टर बाईपुढे तिने पहिल्यांदा तोंड उघडलं. तिने दुसरा अर्ज केला, आणि अधिकारी म्हणतो, पहिल्या वेळी हे नव्हतं, म्हणजे आता बनवलं आहे.

आपल्यातल्या किती जणींनी माहेरीसुद्धा काही गोष्टी वीस वर्षं सांगितल्या नाहीत, ते आपल्याला माहीत आहे. बाईने उशिरा सांगितलं म्हणजे खोटं सांगितलं, असं ज्याला वाटतं त्याने कधी बाईला ऐकलेलं नाही. संयुक्त राष्ट्रांच्या शरणार्थी संस्थेने २००२ च्या मे महिन्यात याबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. बाईची मुलाखत घरच्या पुरुषांपासून वेगळी घ्या, विचारणारी आणि दुभाषी बाई असावी, तिचा स्वतःचा वेगळा दावा असू शकतो हे तिला समजावून सांगा. नवऱ्याच्या अर्जात ती 'सोबत' म्हणून जोडलेली असते, पण तिचा धोका वेगळा असू शकतो. बँकेत गेल्यावर साहेब आपल्याकडे न बघता आपल्या नवऱ्याला विचारतात, 'यांना किती कर्ज पाहिजे?' त्याच सवयीचा हा मोठा भाऊ.

आता आपल्या पट्ट्याकडे येते. परदेशातून जीव वाचवून आलेली बाई आणि आपल्या जंगलात पिढ्यान्‌पिढ्या राहणारी बाई, यांची बरोबरी होत नाही, हे मला माहीत आहे. आपण इथल्याच. पण कागद नसला की इथल्या बाईलाही 'अतिक्रमणदार' म्हणतात, आणि तिलाही सिद्ध करावं लागतं की मी इथलीच आहे.

आमच्या एका गटातल्या बाईची गोष्ट, नाव सांगत नाही. जंगलाच्या कडेला तिची दोन बांध्यांची जमीन, सासऱ्याच्या आधीपासून कसतात. वनहक्क कायदा २००६ चा. आदिवासींसाठी अट अशी की १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन कसत असले पाहिजे. गावात वनहक्क समिती झाली तेव्हा नवऱ्याने दावा भरला, एकट्याच्या नावाने, खरं तर कायद्यात पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे द्यायचा आहे. ग्रामसभेने मंजूर केला. वरच्या समितीकडे गेला आणि गेला तो गेलाच. नवरा वारला. २०१९ च्या फेब्रुवारीत, तुम्हाला आठवत असेल, बातमी आली होती की सुप्रीम कोर्टाने दावे नाकारलेल्यांना जंगलातून काढायला सांगितलं. १३ तारखेचा आदेश. सगळीकडे घबराट झाली होती. मग २८ तारखेला कोर्टाने स्वतःच तो आदेश थांबवला आणि राज्यांना विचारलं, की दावे नाकारताना पद्धत पाळली होती का, लोकांना कळवलं होतं का. त्या पंधरा दिवसांत ही बाई चौकशीला गेली तेव्हा तिला कळलं की आपला दावा कधीच नाकारला आहे. कारण एका ओळीचं: पुरावा अपुरा. तिला कुणी कळवलं नव्हतं.

नियम काय सांगतो? २०१२ च्या दुरुस्तीनंतर नियम स्पष्ट आहे. ग्रामसभेचा ठराव वरच्या समितीला बदलायचा किंवा नाकारायचा असेल तर कारणांसह लेखी आदेश पाहिजे. तो दावेदाराला कळवला पाहिजे. अपिलासाठी ६० दिवस. ऐकून घेतल्याशिवाय निर्णय नाही. आणि पुरावा म्हणजे फक्त सातबारा नाही. गावातल्या म्हाताऱ्या माणसांचं लेखी सांगणं चालतं, जुनी विहीर, बांध, घराचा चौथरा, समाधी, देवाचं ठाणं चालतं, जुन्या सरकारी नोंदी आणि पावत्या चालतात.

आम्ही चार जणी तिच्या घरी बसलो. सासूची पत्र्याची पेटी काढली. त्यात लग्नाच्या पत्रिका, रेशन कार्ड, आणि घडी घालून पिवळी पडलेली एक पावती. जंगलात शेती केली म्हणून सासऱ्याला भरायला लावलेल्या दंडाची. तारीख २००५ च्या कितीतरी आधीची. सासऱ्याने ती रागाने ठेवली असेल की धाकाने, देव जाणे. पण जमीन तेव्हापासून कसत होते, याचा याहून मोठा पुरावा कुठला? ज्याने दंड केला त्याच्याच सहीचा. पहिल्या दाव्याला ती जोडलेलीच नव्हती, कारण नवऱ्याला वाटलं दंडाची पावती दाखवली तर आपणच गुन्हेगार ठरू.

मग दुसऱ्यांदा कागद केले. पावती, तीन म्हाताऱ्यांचे जबाब, बोडीच्या पाळीचा फोटो, आणि एका पानावर साध्या मराठीत लिहिलं: पहिल्या वेळी हा पुरावा का दिला नव्हता. हे पान मी मुद्दाम लिहायला लावलं. समोरचा विचारणारच, तर आपणच आधी सांगून टाकावं. प्रत्येक कागदाची झेरॉक्स, आणि दिलेल्या अर्जाच्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक. बाबूने शिक्का द्यायला टाळाटाळ केली तर रजिस्टर पोस्टाने पाठवा, पोस्टाची पावती पुरते.

तरी जिल्ह्याच्या समितीत पुन्हा नकार आला. यावेळी मात्र लेखी आला, दीड पान. त्यात दंडाच्या पावतीचा उल्लेखच नाही. आधी मी खूप चिडले. मग मला तिबेटी मावशी आठवली आणि मी म्हटलं, बाई, हा कागद सोन्यासारखा आहे. त्यांनी पावती बघितलीच नाही, हे त्यांनीच लिहून दिलं. १८ मे २०२० च्या राज्यपालांच्या अधिसूचनेने आपल्या राज्यातल्या अनुसूचित क्षेत्रांत जिल्हा समितीच्या निर्णयावर विभागीय पातळीवर अपिलाची सोय झाली आहे. तिथं ते दाखल केलं. तिथंही नाही झालं तर मुंबई हायकोर्टाचं नागपूर खंडपीठ आहे. कुणाला वाटेल वकिलाचे पैसे कुठून आणायचे. बायांना आणि अनुसूचित जमाती-जातींच्या लोकांना विधी सेवा प्राधिकरणाचा वकील फुकट मिळतो, १९८७ च्या कायद्याने. बाईला त्यासाठी उत्पन्नाचा दाखलाही लागत नाही. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, तिथं साध्या कागदावर अर्ज करायचा, किंवा १५१०० या नंबरवर फोन लावायचा.

अपिलाची सुनावणी पुढच्या मंगळवारी आहे, नागपूरला. गाडी पहाटेची आहे. तिच्यासोबत गटातल्या तिघी जातात आणि मी जाते. दंडाची ती मूळ पावती आम्ही दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत घातली आहे, पाऊस आहे म्हणून. ती मूळ पावती कुणाच्या हाती सोडायची नाही, दाखवायची आणि परत घ्यायची, हे तिला मी दहादा सांगितलं. काल ती मला म्हणाली, "मॅडम, तिथं साहेबांनी विचारलं, आधी का नाही दिली, तं मी काय सांगू?" मी म्हटलं, खरं ते सांग. भीती वाटत होती म्हणून.

ती म्हणाली, "नवऱ्याला वाटत होती. मला तं कोणी विचारलंच नव्हतं."

हे तिथं असंच सांग म्हटलं मी. बाकी पुढच्या महिन्यात, आल्यावर बोलू. जय सेवा.